ऑफिसातली इफ्तारी घड्याळावर चालते

ऑफिसात इफ्तार ठेवायची म्हटलं की चर्चा लगेच बिर्याणीवर जाते. कुणी मोहम्मद अली रोडवरून मालपुवे आणायचं कबूल करतो, कुणाला कोंढव्यातला केटरर माहीत असतो, पैसे गोळा होतात, फुगेही येतात. मग त्या संध्याकाळी अजान होते, रोजादार मंडळी हातात खजूर घेऊन उभी असतात आणि पाण्याचा क्रेट अजून खाली सिक्युरिटीच्या टेबलापाशी गेटपासची वाट बघत पडलेला असतो.

इफ्तार जेवणामुळे क्वचितच फसते. ती फसते पाच-दहा मिनिटांच्या हिशेबात. आपल्याकडच्या बाकी समारंभांना 'सातची वेळ म्हणजे साडेसात' चालून जातं. इथे चालत नाही, कारण समोरच्या माणसाने पहाटेपासून पाणीसुद्धा प्यायलेलं नसतं.

मराठी माणसाला रोजा समजावून सांगायला एक शब्द पुरतो: निर्जळी. फक्त ही निर्जळी दिवसाची असते, आणि ओळीने २९ किंवा ३० दिवस चालते. आपल्या उपासाला साबुदाणा चालतो, चहा चालतो. रोज्यात चहा, पाणी, सिगारेट, तोंडाने घ्यायची गोळी, काहीच नाही. मार्चच्या मध्याला पुण्यात सेहरी (रोजा सुरू होण्याआधीचं पहाटेचं खाणं) पहाटे साडेपाचच्या सुमाराला संपते आणि सूर्य मावळतो साधारण ६.४३ ला. म्हणजे सव्वातेरा तास झाले. इस्लामी वर्ष चांद्र आणि त्याला अधिक महिना नाही, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. मार्चातला रमजान दोन-तीन वर्षांत फेब्रुवारीत जातो. २०३० साली तर तो दोनदा येणार आहे, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरात. त्यामुळे गेल्या वर्षीचं वेळापत्रक कॉपी करून मेल पाठवू नका.

वेळ कुठून घ्यायची? जवळच्या मशिदीचं छापील वेळापत्रक सगळ्यात चांगलं. रमजानच्या आधी ते खिशात मावेल एवढ्या कार्डावर मिळतं, आणि त्यात बहुधा दोन-तीन मिनिटं सावधगिरीची धरलेली असतात. फोनवरचं ॲप वापरत असाल तर त्यातलं शहर हाताने निवडा. ऑफिसचं नेटवर्क मुंबईच्या किंवा बंगळुरूच्या सर्व्हरवरून जात असेल तर ॲपला तुम्ही तिथेच बसलाय असं वाटू शकतं. रेखांश एक अंशाने बदलला की सूर्यास्त चार मिनिटांनी हलतो. मुंबई पुण्याच्या चारेक मिनिटं मागे, नागपूर वीसेक मिनिटं पुढे. पुणे आणि नागपूरच्या टीमने व्हिडिओ कॉलवर 'एकत्र' रोजा सोडायची कल्पना ऐकायला गोड असली, तरी पुण्याचे खजुराला हात लावेपर्यंत नागपूरकरांची नमाजही आटोपलेली असते.

आणखी एक फरक आयोजकांना सहसा माहीत नसतो. सुन्नी रोजादार सूर्य मावळताच रोजा सोडतात. शिया मंडळी पूर्वेकडची लाली विरेपर्यंत थांबतात, म्हणजे आणखी दहा-पंधरा मिनिटं. टेबलावर सगळ्यांनी सुरुवात केली आणि एकजण शांत बसून राहिला, तर त्याला 'अरे घे ना' म्हणून आग्रह करू नका, त्याचं घड्याळ वेगळं आहे. दाऊदी बोहरा तर ठरीव पंचांग पाळतात. त्यांचा रमजान नेहमी ३० दिवसांचा असतो, आणि तो बाकीच्यांच्या एक-दोन दिवस आधी सुरू होऊन तसाच आधी संपतो.

आता तारीख. ऑफिसात एकाच धर्माची माणसं नसतात, त्यामुळे ती निवडताना पंचांग आणि कॅलेंडर दोन्ही उघडून बसावं लागतं. गंमत अशी की रमजानही चंद्रावर आणि आपल्या तिथीही चंद्रावर, त्यामुळे गणित जवळपास पक्कं आहे. नवव्या रोज्याच्या आसपास शुद्ध एकादशी, सोळाव्या-सतराव्याच्या आसपास संकष्टी, चोविसाव्याच्या आसपास वद्य एकादशी. २०२५ मध्ये पहिला रोजा २ मार्चला होता. आमलकी एकादशी १० तारखेला आली, संकष्टी १७ ला. संकष्टीच्या दिवशी इफ्तार ठेवलीत तर चंद्रोदयाची वाट बघणारे सहकारी नुसते बघत बसतील. तोच दिवस गळ्यात पडला, तर निदान खजूर, फळं आणि साबुदाणा वडा असू द्या. दोन्ही उपासांना ते चालतात, आणि वडा इफ्तारीच्या ताटात अजिबात परका वाटत नाही.

शुक्रवार टाळा. एक तर त्या दिवशी दुपारी जुम्म्याची नमाज असते आणि संध्याकाळी सगळ्यांना घरी पळायचं असतं. शिवाय सध्याच्या वर्षांत रमजान आणि ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ एकमेकांवर येतात. वसईचे, गोव्याचे कॅथलिक सहकारी त्या काळात शुक्रवारी मांस खात नाहीत. शेवटचे दहा दिवसही टाळलेले बरे, कारण रात्रीची इबादत वाढते आणि खरेदीची गर्दीही. पहिले तीन-चार दिवस शरीर रुळत असतं, डोकं दुखत असतं, विशेषतः चहाबाजांचं. सहाव्यापासून पंधराव्या रोज्यापर्यंतचा मंगळवार-बुधवार उत्तम, फक्त एकादशी बघून घ्या.

एका गोष्टीवर कुठलीच तारीख उपाय नाही: जैन सहकारी. चौविहार पाळणारा जैन सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही. रोजादार सूर्यास्तापूर्वी घेत नाही. एकाचं ताट ज्या मिनिटाला उघडतं त्याच मिनिटाला दुसऱ्याचं बंद होतं. यावर एकच व्यवहारी तोड आहे: जैन ताट सूर्यास्ताच्या चाळीस मिनिटं आधी, बाजूच्या खोलीत, कांदा-लसूण-बटाट्याशिवाय. जेवून ते मुख्य टेबलाशी येऊन बसतील. त्यांना नंतर 'निदान सरबत तरी' म्हणू नका.

मेनूबद्दल माझं मत अनेकांना आवडत नाही, पण ठाम आहे: ऑफिसची इफ्तारी शाकाहारी ठेवा. मांस ठेवलं की प्रश्नांची रांग लागते. हलाल आहे का, कुठल्या दुकानाचं, शीख सहकाऱ्याचं काय (अमृतधारी शीख हलाल मांस खात नाहीत), डाव वेगळे आहेत का, मंगळवारवाले-गुरुवारवाले कुठे बसणार. इफ्तारीच्या पहिल्या फेरीत मांसाची गरजही नसते. हलीम, नल्ली निहारी खायची हौस असेल त्यांनी नंतर मोमिनपुऱ्यात किंवा मिनारा मशिदीजवळ जावं. ते पदार्थ तिथेच, गर्दीत उभं राहून खायचे आहेत. प्लास्टिकच्या डब्यातून आलेलं हलीम वर तुपाचा गोठलेला थर घेऊन येतं.

चाळीस माणसांचा हिशेब असा. खजूर माणशी तीन-चार, म्हणजे दीडशेच्या आसपास. मध्यम खजूर किलोत शंभरेक बसतात, म्हणून दीड किलो पुरे. मोठे मेडजूल घेतलेत तर वजन दुप्पट धरा. बियांसाठी दर चौघांत एक वाटी ठेवा, हे हमखास विसरतं आणि मग बिया पेपर कपात, कपातून सिंकमध्ये. पाण्याच्या २०० मिलिच्या बाटल्या रोजादाराला दोन, बाकीच्यांना एक. पाणी साधं हवं, फ्रीजमधलं बर्फगार नको. रिकाम्या पोटी थंडगार पाणी घटाघटा गेलं की पोटात कळ येते.

सरबत आठ लिटर. लाल गुलाबी सरबताच्या ७५० मिलिच्या दोन बाटल्या लागतात, ग्लासाला ३० मिलि सिरप. चार मोठे चमचे सब्जा वीस मिनिटं आधी भिजवा. कोरडा टाकलात तर तळाशी गोळा होतो. बर्फ बंद पिशवीतला खाण्याचा घ्या. मासळी थंड ठेवायची लादी फोडून सरबतात घालण्याचे प्रकार घडतात आणि दुसऱ्या दिवशी अर्धी टीम रजेवर जाते.

फळं कापून सहा किलो. दोन मध्यम कलिंगडं, दोन पपया, दीड डझन केळी, दीड किलो द्राक्षं. कलिंगड आणि पपईत साल-बियांपोटी तिसरा हिस्सा जातो हे धरूनच आणा. फेब्रुवारी-मार्च म्हणजे नाशिकच्या द्राक्षांचा ऐन हंगाम, तेव्हा महागडी किवी-ड्रॅगनफ्रूट लागत नाहीत. केळी आणि सफरचंद सगळ्यात शेवटी कापा, वरून लिंबू पिळा. चाट मसाला वाढताना घाला. अर्धा तास आधी घातलेलं मीठ फळातलं पाणी ओढून काढतं आणि परातीत फळांची आमटी होते.

चणा चाटसाठी दीड किलो काबुली चणे आदल्या रात्री भिजवा. शिजून ते साडेतीन किलोच्या आसपास भरतात. भजी हा मात्र खरा धोका. ऑफिसात तळायचं नाव काढू नका, स्मोक डिटेक्टर आधी रोजा सोडेल. बाहेरून आणायची तर सव्वासहाच्या पुढे तळलेली आणि उघड्या टोपलीत, कागदावर. झाकणबंद डब्यात गरम भजी ठेवली की स्वतःच्याच वाफेने दहा मिनिटांत मऊ पडते. समोसा त्या मानाने तग धरतो. केक, जेली आणणार असाल तर पाकिटावर हिरवा ठिपका बघा, म्हणजे प्राण्यांपासून काढलेल्या जिलेटिनचा प्रश्न मिटतो. पण हिरवा ठिपका दारूबद्दल काही सांगत नाही. रम घातलेली चॉकलेटं, तिरामिसू वगैरे घटक वाचूनच घ्या.

प्रत्यक्ष तासाभराचा क्रम, सूर्यास्त ६.४३ धरून:

पाच वाजता पाणी आणि खजूर खोलीत आलेले हवेत. त्यानंतर आलेल्या गोष्टींवर भरवसा ठेवू नका. सहाला जैन ताटं. भाषण करायचंच असेल तर ६.२५ ला, पाच मिनिटांचं, आणि ६.३५ नंतर माइक बंद. साहेबांचं भाषण अजानेच्या वेळी सुरू असणं हा या समारंभातला सगळ्यात नेहमीचा आणि सगळ्यात टाळता येण्याजोगा अपराध आहे. ६.३५ ला प्रत्येक रोजादाराच्या समोर तीन खजूर, पाणी, फळांची वाटी. त्याने रांगेत उभं राहायचं नाही. शेवटची काही मिनिटं दुआची असतात, तेव्हा फोटोसाठी 'जरा इकडे बघा, खजूर तोंडाजवळ धरा' करू नका. फोटो नंतर काढा, लोक हसतातही छान.

वेळ झाली की खजूर, दोन घोट पाणी, थोडं फळ. मग लगेच मगरिबची, म्हणजे सूर्यास्तानंतरची नमाज. मगरिबची वेळ दिवसातल्या नमाजांत आखूड असते, त्यामुळे ती जेवणानंतरवर ढकलत नाहीत. दहा-बारा मिनिटं लागतात. गरम पदार्थ त्यानंतर, सातच्या सुमाराला उघडायचे. इथेच बहुतेक ठिकाणी चूक होते: केटरर पावणेसातलाच सगळं उघडतो, बाकीचे ताटं भरून घेतात, आणि ज्यांच्यासाठी इफ्तार ठेवली ते परत येईपर्यंत भजीचा चुरा उरतो. तेव्हा पहिल्या फेरीला फक्त खजूर-फळं-सरबत, आणि दुसऱ्या फेरीची झाकणं नमाजी परत आल्यावरच काढायची. बिगर-रोजादारांनी थोडं थांबावं. दुपारी डबा खाल्लेला असतो आपण.

नमाजेच्या खोलीला फार काही लागत नाही. जानमाज, म्हणजे नमाजेसाठी अंथरायचा छोटा गालिचा, साधारण ७० बाय ११० सेंटिमीटरचा असतो. दहा बाय दहाच्या मीटिंग रूममधलं टेबल सरकवलं तर सहाजण दोन ओळींत सहज मावतात. दिशा पश्चिमेची. महाराष्ट्रातून बघितलं तर किब्ला (मक्केची दिशा) नेमक्या पश्चिमेपासून दहाएक अंश उत्तरेकडे कलतो. एकदा नक्की करून भिंतीवर छोटासा बाण चिकटवला की रोजचा फोन फिरवण्याचा खटाटोप वाचतो. ही खोली महिनाभरासाठी कॅलेंडरमध्ये बुक करून टाका, नाहीतर आठव्या दिवशी तिथे कुणीतरी क्लायंट कॉल लावून बसतं. बायकांसाठी वेगळी खोली किंवा वेगळी वेळ. नमाज चालू असताना समोरून जायचं नाही, मागून जा.

वजू, म्हणजे नमाजेआधी हात-तोंड-पाय धुणं, हा मात्र हाउसकीपिंगशी आधी बोलून ठेवायचा विषय. उंच वॉशबेसिनमध्ये पाय धुतले की फरशी ओली होते, कुणीतरी घसरतं, आणि मग 'बाथरूममध्ये पाणी सांडू नये' असा चार रंगांतला मेल फिरतो. एक खालचा नळ, प्लास्टिकचं स्टूल, मग, पायपुसणं आणि स्लिपरच्या दोन जोड्या एवढ्यावर तो मेल वाचतो.

एक संध्याकाळ सजवून बाकीचा महिना विसरला तर इफ्तार नुसती फोटोपुरती राहते. डोक्याचं काम आणि मीटिंगा सकाळी दहा ते साडेबारात घ्या. तीन ते पाच हा सगळ्यात जड वेळ, तेव्हा लांबलचक सादरीकरणं नकोत. शुक्रवारी पाऊण ते सव्वादोन कॅलेंडर मोकळं ठेवा. जेवणाची सुट्टी वापरायची नसल्याने लवकर निघायची मुभा अनेक कंपन्या देतात. पण सुट्टी पूर्ण कापून टाकू नका. सलग कामाच्या तासांना कायद्याने मर्यादा आहे आणि मधली विश्रांती द्यावीच लागते. अर्धा तास ठेवा, अर्धा तास आधी सोडा. आखाती क्लायंट असलेल्या टीमने आणखी एक लक्षात ठेवावं: अमिरातीत रमजानमध्ये खासगी क्षेत्रातही कामाचे दोन तास कमी होतात. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे, त्यामुळे आपल्या संध्याकाळी पाठवलेल्या मेलला उत्तर दुसऱ्या दिवशीच येणार.

सव्वासहाची कंपनी बस हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये असतानाच सूर्य मावळतो. चढतानाच हातात द्यायचं पाकीट म्हणजे तीन खजूर, एक केळं, पाण्याची छोटी बाटली. याला फार पैसे लागत नाहीत, आणि महिनाभर दिलेलं हे पाकीट एका दिवसाच्या बुफेपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

कारखान्यात गणित अवघड होतं. चाकणसारख्या ठिकाणी दुसऱ्या पाळीत सूर्यास्त लाइन चालू असताना येतो. संध्याकाळचा चहा दहा-पंधरा मिनिटं हलवून सूर्यास्तावर आणला तर कुणालाच वेगळी सवलत दिल्यासारखं होत नाही, सगळी लाइन एकत्र थांबते. ते शक्य नसेल तर रिलीव्हर आधीच ठरवा, ऐनवेळी नाही. फाउंड्री, पेंट शॉप, फोर्कलिफ्ट इथल्या रोजादारांशी सुपरवायझरने पहिल्याच दिवशी बोलावं आणि जमेल तिथे उन्हाचं, उष्णतेचं काम सकाळी द्यावं. रात्रपाळीसाठी कँटीन पहाटे सव्वाचार ते सव्वापाच उघडं हवं: अंडी, पाव, केळी, दही, चहा. तेलकट पोहे आणि खारट लोणचं नको, त्याने दिवसभर तहान लागते.

डेस्कवरच्या वागण्याचं थोडक्यात. तुम्ही तुमचा डबा नेहमीसारखा खा, लपवून खायची गरज नाही. फक्त त्याच्या शेजारी बसून मिसळीची चर्चा लांबवू नका. 'पाणीपण नाही?' हा प्रश्न पहिल्या दिवशी ठीक, सतराव्या दिवशी नाही. वाढदिवसाच्या केकचा तुकडा डब्यात घालून द्या. रक्तदान शिबिर आणि आरोग्य तपासणी या महिन्यात ठेवूच नका. कुणी विसरून चहाचा घोट घेतला तर आरडाओरडा करू नका. विसरून झालं असेल तर रोजा मोडत नाही असंच सर्वसाधारणपणे मानतात.

आणि 'आज तुझा रोजा नाही वाटतं?' हे कुणालाही, विशेषतः बायकांना, विचारायचं नाही. मासिक पाळीत रोजा ठेवत नाहीत. आजारी, प्रवासी, गरोदर यांनाही सूट आहे. या एका प्रश्नाने एखादीला भर ऑफिसात काय सांगावं लागेल याचा विचार करा. पँट्रीत ती गुपचूप पाणी पीत असेल तर आपण काही बघितलेलं नाही.

मधुमेही सहकाऱ्यांच्या बाबतीत मात्र डोळे उघडे हवेत. रमजानआधी औषधांच्या वेळा डॉक्टरकडून बदलून घ्याव्या लागतात. ग्लुकोमीटरने बोट टोचल्याने रोजा मोडत नाही असं बहुतेक उलेमा (धर्मपंडित) आणि डॉक्टर दोघंही सांगतात. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा लगेच सोडावा असा वैद्यकीय सल्ला आहे. घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ दिसला आणि माणूस शुद्धीवर असेल तर वाद न घालता साखरपाणी द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नका, रुग्णवाहिका बोलवा.

उरला ईदच्या रजेचा घोळ. ईद २९ व्या रोज्यानंतर की ३० व्या, हे आदल्या संध्याकाळी चंद्र दिसल्यावरच ठरतं. सरकारी यादीत छापलेली तारीख हा अंदाज असतो. एचआरने दोन्ही तारखा रिकाम्या धराव्यात, आणि बोहरा सहकाऱ्याला त्याआधीची रजा मागताना खुलासे द्यायला लावू नयेत. २०२५ मध्ये ३० मार्चला रविवारी पाडवा, ३१ ला सोमवारी ईद, आणि त्याच दिवशी आर्थिक वर्षअखेर. अकाउंट्समधल्या रोजादाराला ईदच्या सकाळी कामावर बोलवायचं नसेल, तर त्याच्या खात्यांचा मेळ २७-२८ लाच लावून घ्यावा लागतो. तसा योग पुन्हा लवकर नाही, पण मार्चातली ईद आणि मार्चएंड दोन्ही जवळ असले की कामाची वाटणी दहा दिवस आधी करा.

ईदनंतरच्या पहिल्या दिवशी शीरखुर्म्याचे डबे येतात. तो फ्रीजमध्ये रात्रभरात घट्ट झालेला असतो, कारण शेवया दूध पीत राहतात. लिटरभराला एक कप दूध घालून गॅसवर मंद आचेवर ढवळत गरम करा. मायक्रोवेव्हच असेल तर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने बाहेर काढून हलवा, नाहीतर कडेने उतू जातो आणि मध्ये गारच राहतो. डब्यावर बदाम-पिस्ता आहे अशी चिठ्ठी लावा, ॲलर्जीवाले असतात. आणि डबा परत देताना रिकामा देऊ नका.